लीजवर नवं की रोखीनं जुनं: एडिटिंगच्या मशीनचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच दिसेल. तुम्ही चार वर्षं एकट्यानं एडिटिंग करताय. मुलाखती, प्रशिक्षणाच्या फिल्म्स, वर्षाकाठी एखादा मोठा माहितीपट. सहा वर्षं जुना, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप कॅमेऱ्याचं नवं फोर-के फुटेज टाइमलाइनवर (क्लिप्स ओळीनं मांडायच्या पट्टीवर) टाकलं की गुदमरतो. समोर दोन वाटा आहेत. एक, नवं मशीन ३६ महिन्यांच्या लीजवर. दुसरी, कुठल्याशा ऑफिसातून परत आलेलं तीन वर्षं जुनं वर्कस्टेशन (जड कामाचा मोठा संगणक) रोखीनं. नव्याची किंमत १०० धरली तर लीजचा हप्ता महिन्याला ३.३, मुदत संपल्यावर मशीन ठेवून घ्यायचं तर आणखी १०. जुनं ४५ ला मिळतंय. तुमची एका दिवसाची कमाई याच मापात साधारण दीड, आणि वर्षातले तीन-चार महिने काम पातळ असतं.

माझं उत्तर: जुनं घ्या, पण तुम्ही बघून ठेवलेलं ते जुनं घेऊ नका.

आधी पैशाचं बोलू. लीज विकणारा सांगेल, "तीन वर्षांत २८.८ जास्त जातात, म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्के, काहीच नाही." ३.३ गुणिले ३६ म्हणजे ११८.८, वर शेवटचे १०, एकूण १२८.८. बेरीज बरोबर आहे, पण तो सांगतो तो दर बरोबर नाही. पूर्ण १०० तुमच्याकडे तीन वर्षं राहतच नाहीत. पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल फेडत असता, दीड वर्षानंतर साठच्या आसपासच बाकी असते, तरी व्याजाचा हिशोब पूर्ण शंभरावर केलेला असतो. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर वर्षाला १६ टक्क्यांच्या घरात जातो. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या ओळीत १००, मग ३६ वेळा उणे ३.३, शेवटच्या हप्त्यात उणे १० मिळवा आणि आयआरआरचं (पैशांच्या येण्याजाण्यावरून खरा दर काढणारं) सूत्र लावा. जो महिन्याचा दर येईल त्याला १२ नं गुणा. दोन मिनिटांचं काम आहे. कुठलाही हप्ता समोर आला की मी हेच आधी करतो आणि मगच माहितीपत्रक वाचतो.

आता लीज, नवं रोखीनं आणि जुनं असे तीन हिशोब शेजारी ठेवू. लीज पूर्ण करून मशीन ठेवून घेतलंत तर १२८.८ गेले, हातात तीन वर्षं जुनं मशीन राहिलं. तुमच्याच बाजारात असं मशीन ४५ ला विकलं जातंय, पण ती दुकानदाराची किंमत. तुम्ही विकायला गेलात तर ३५ मिळतील असं धरा. म्हणजे खरा खर्च ९४ च्या आसपास. नवं रोखीनं घेतलंत तर १०० गेले, ३५ आले, खर्च ६५. जुनं घेतलंत तर ४५, त्यात नवी एसएसडी (साठवणीची वेगवान ड्राइव्ह), थोडी रॅम, साफसफाई असे १० धरा, आणि तीन वर्षांनी ते सहा वर्षांचं झाल्यावर १२ ला गेलं तर खर्च ४३.

लीज आणि जुनं यांच्यात ५१ चा फरक आहे. त्यातले २९ फक्त पैसे उसने घेण्याचे आणि २२ नवेपणाचे. हे दोन भाग वेगळे काढून बघणं महत्त्वाचं, कारण लीजची जाहिरात नेहमी नवेपणाची असते आणि बिल मात्र उसनवारीचं येतं.

मग जुन्याच्या विरोधात काय उरतं? ते बंद पडेल ही भीती. ही भीती खरी आहे, पण तिलाही आकडा लावता येतो. मशीन बंद तो दिवस तुमचा बुडाला. तुमचा दिवस दीडाचा. ५१ भागिले दीड म्हणजे ३४. जुन्या मशीननं तीन वर्षांत नव्यापेक्षा ३४ कामाचे दिवस जास्त खाल्ले, तर कुठे लीज आणि जुनं बरोबरीत येईल. नीट तपासून घेतलेलं मशीन इतके दिवस खात नाही. फार तर एकदा पॉवर सप्लाय जाईल, एकदा एसएसडी बदलावी लागेल, एखादा दिवस ड्रायव्हरच्या (सुटे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) भांडणात जाईल.

हेच गणित एखाद्या छोट्या स्टुडिओसाठी पूर्ण उलटतं. तीन एडिटर, एक कलरिस्ट (रंगांचं काम करणारा), मागे क्लायंट बसलेला. तिथे मशीन बंद पडलं की दिवसाचे १० जातात. मग पाच दिवसांतच फरक फिटतो, आणि करारात दुसऱ्या दिवशी जागेवर येऊन मशीन बदलून देण्याची हमी असेल तर लीज स्वस्त पडते. म्हणून लोक मला "लीज चांगली की वाईट" असं विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, तुमचा बंद दिवस कितीला पडतो? बहुतेकांनी तो कधी मोजलेलाच नसतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला व्याजाच्या दरापेक्षा जड वाटते. तीन-चार महिने काम पातळ असतं असं तुम्हीच म्हणताय. हप्त्याला पातळ महिना कळत नाही. बहुतेक व्यावसायिक लीजमध्ये असं कलम असतं की काहीही झालं तरी हप्ता चालू राहील. मशीन बिघडलं, चोरीला गेलं, काम मिळालं नाही, तुम्ही आजारी पडलात, तरीही. मधेच सोडायचं म्हटलं तर उरलेले सगळे हप्ते एकदम मागतात. रोखीनं घेतलेलं मशीन पातळ महिन्यात कोपऱ्यात गप्प पडून राहतं, काही मागत नाही. त्यात एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं मासिक वर्गणीचं ओझं असेल (प्रीमियर प्रोचं असतंच, रिझॉल्व्ह स्टुडिओचा परवाना एकदाच घ्यावा लागतो) तर दर महिन्याला ठरलेली रक्कम बाहेर जाण्याची दोन छिद्रं झाली.

लीजच्या करारातलं एक कलम मी स्वतः पैसे भरून शिकलोय. खूप वर्षांपूर्वी दोन मशीन २४ महिन्यांसाठी घेतली होती. परत करायची असतील तर मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी कळवायचं, असं दहाव्या पानावर होतं. मी कळवलं ८४ दिवस आधी. तीन ओळींचं फार सभ्य उत्तर आलं: सूचना उशिरा मिळाल्यानं करार आपोआप तीन महिन्यांसाठी वाढला आहे. मशीन खोक्यात बांधून, टेप लावून दाराशी ठेवलेली, आणि त्यांचा हप्ता आम्ही तीन महिने भरत होतो. त्यातल्या एका खोक्यावर आम्ही चहाचे कप ठेवायचो. तेव्हापासून कुठल्याही करारावर सही करायच्या आधी परतीच्या सूचनेची तारीख कॅलेंडरवर टाकतो, आणि त्याच्या महिनाभर आधीची आणखी एक.

तरीही कधी लीज घ्यायची वेळ आली तर तीन गोष्टी विचारा. मुदतीनंतर मशीन ठेवून घ्यायची किंमत आधीच ठरलेली आहे की "त्या वेळच्या बाजारभावानं" असं मोघम लिहिलंय? मोघम असेल तर भाव तेच ठरवणार. मशीन उघडून रॅम किंवा ड्राइव्ह वाढवायची परवानगी आहे का? बऱ्याच करारांत नसते, म्हणजे पहिल्या दिवशी ज्या मापाचं घेतलं त्यातच तीन वर्षं भागवायचं. आणि परत करताना ड्राइव्ह काढून ठेवता येईल का? त्यावर क्लायंटचं प्रदर्शित न झालेलं फुटेज असतं. एसएसडीवर वरून दुसरं काही लिहिलं म्हणजे जुनं पुसलं गेलं असं खात्रीनं म्हणता येत नाही, म्हणून लीजचं मशीन असेल तर पहिल्याच दिवशी बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट (विंडोज आणि मॅकमधली ड्राइव्ह कुलूपबंद करायची सोय) चालू करा. शेवटी किल्ली नष्ट केली की आतला माल वाचता येत नाही. कराच्या सवलतीचा मुद्दा तुम्ही काढलात, पण त्याचे नियम देशागणिक बदलतात. तुमच्या हिशोबनिसाला विचारा, फक्त विचारताना वरचा आयआरआरचा कागद सोबत न्या. सवलत मिळते ती खर्चावर. जास्त खर्च केला म्हणून तो फायदा होत नाही.

आता ते वर्कस्टेशन. ते का नको?

तुम्ही लिहिलंय: सर्व्हर जातीचा प्रोसेसर, १८ कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग), १२८ जीबी रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड. कागदावर राजेशाही थाट. त्याच जातीचं एक मशीन मी एकदा घेतलं होतं. दोन प्रोसेसर, मिळून २४ कोअर. घरी आणून पहिला महिना मी लोकांना नुसता टास्क मॅनेजर उघडून दाखवायचो, प्रत्येक कोअरचा एक, असे चौकोनच चौकोन. मग एका क्लायंटची ड्राइव्ह आली, मिररलेस कॅमेऱ्याचं एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १०-बिट, ४:२:२ (रंगांची माहिती किती ठेवलीय त्याची मापं). टाइमलाइनवर टाकलं, स्पेसबार दाबला. आवाज नीट पुढे जातोय आणि चित्र दर दोन सेकंदांनी बेडकासारखं उडी मारतंय. सगळे चौकोन काठोकाठ भरलेले, पंखे असे घोंगावतायत की मुलाखतीतला माणूस काय म्हणतोय ते हेडफोन लावून ऐकावं लागलं. शेजारी बसलेल्या मदतनीस मुलीनं तीच क्लिप तिच्या पातळ लॅपटॉपवर लावली. लोण्यासारखी चालली. माझ्या मशीनच्या पाव किमतीचा लॅपटॉप.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढची खरेदी कुणाला न विचारता करता येईल. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये बहुतेक करून प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेम्सचा फक्त फरक. त्यामुळे तुम्ही प्लेहेड (कुठली फ्रेम दिसतेय ती खूण) कुठेही टाकलात की मशीनला आधी आजूबाजूच्या फ्रेम्स उलगडून मग ही फ्रेम उभी करावी लागते. उलट्या दिशेनं चालवलंत तर हाल आणखी. हे उलगडण्याचं काम कोअरच्या बळावर करणं म्हणजे कुलूप किल्लीऐवजी हातोड्यानं उघडणं. त्यासाठी चिपवर वेगळं सर्किट असतं. ते सर्किट तुमच्या फुटेजचा प्रकार ओळखत असेल तर काम सहज होतं. ओळखत नसेल तर १८ काय, २४ कोअरही कमी पडतात. यात मधलं काही नसतं.

आणि इथे प्रकार म्हणजे नुसतं "एच.२६५" नाही. १०-बिट ४:२:० वेगळं, १०-बिट ४:२:२ वेगळं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, म्हणजे क्विक सिंकला, एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून उलगडता येतं. पण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल तर त्यात ग्राफिक्सच चालू नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. थोड्या स्वस्ताईसाठी लोक हेच घेतात आणि नंतर मला फोन करतात. सर्व्हर जातीच्या बहुतेक प्रोसेसरमध्येही ते नसतं, आणि तुमच्या वर्कस्टेशनचं दुखणं नेमकं हेच आहे. एनव्हिडियाच्या कार्डांनी ४:२:२ उलगडायला सुरुवात केली ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं कितीही महागडं कार्ड असलं तरी या एका कामात ते बघ्याच्या भूमिकेत. ॲपलच्या चिप्समध्ये एम१ पासून, म्हणजे २०२० च्या शेवटापासून, एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ चालतं. तुम्ही प्रोरेझमध्ये (ॲपलच्या एडिटिंगसाठीच्या व्हिडिओ प्रकारात) जास्त काम करत असाल तर त्याचं वेगळं सर्किट साध्या एम१ मध्ये नाही. ते २०२१ च्या एम१ प्रो आणि एम१ मॅक्समध्ये आलं, आणि मग एम२ पासून साध्या चिपमध्येही.

म्हणजे जुन्या बाजारात तुम्ही शोधायचं ते कोअरची संख्या नाही, तुमच्या कॅमेऱ्याशी जुळणारं सर्किट. ते असेल तर बाकीचं मशीन मध्यम असलं तरी चालतं. ३२ जीबी रॅम, आणि रिझॉल्व्हमध्ये रंगांचं काम करणार असाल तर ग्राफिक्स कार्डवर किमान ८ जीबी. फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावलं की "जीपीयू मेमरी भरली" हा संदेश तुम्हाला भेटणारच आहे, तो जितका उशिरा भेटेल तितकं बरं. ॲपलचा लॅपटॉप घेणार असाल तर रॅम आणि साठवण दोन्ही मागून वाढवता येत नाहीत, तेव्हा तिथे जुनं घेताना मेमरीवर काटकसर नको. त्यापेक्षा चिप एक पिढी जुनी घ्या.

काही गोष्टी मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. इंटेल चिपचे मॅक: २०२५ चं मॅकओएस टाहो ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. विंडोज ११ चालत नाही असं मशीन, म्हणजे ढोबळमानानं इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले डेस्कटॉपचे ताकदवान प्रोसेसर फार जपून. त्यांना जास्त व्होल्टेज मिळत राहिल्यानं ते आतून झिजत होते. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटीही वाढवली, पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडनं बरी होत नाही. रेंडर मधेच मरणं, झिप फाइल उलगडताना चूक दाखवणं, गेम किंवा रिझॉल्व्ह अचानक बंद होणं ही त्याची लक्षणं. एकही दिसलं तर सौदा मोडा. क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमधून आलेल्या ग्राफिक्स कार्डांबद्दल लोक फार घाबरतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनानं पद्धत बदलली, त्याला कार्डं लागेनाशी झाली आणि अशी कार्डं बाजारात लोटली. मी दोन वापरली आहेत. पंखे आणि थर्मल पॅड बदलून घेतले तर ती वाईट नसतात, आणि हा खर्च भावातून कापून घ्यायचा.

मशीन बघायला जाताना तुमची स्वतःची ड्राइव्ह न्या. त्यावर तुमच्या कॅमेऱ्याच्या दहा मिनिटांच्या क्लिप्स आणि एक छोटा प्रोजेक्ट ठेवा. विक्रेता गेम लावून दाखवेल, बेंचमार्कचे आकडे दाखवेल. तुम्ही तुमचं फुटेज लावा. पुढे चालवा, मागे चालवा, प्लेहेड ओढा, दोन क्लिप एकावर एक ठेवून चालवा. मग रंग लावून दहा मिनिटांचा एक्स्पोर्ट काढा आणि त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडं ठेवून तापमान बघत बसा. पहिली दोन मिनिटं सगळीच मशीन शहाण्यासारखी वागतात, शेवटी शेवटी खरं कळतं. घड्याळाचा वेग हळूहळू उतरत असेल तर आत धूळ आहे किंवा प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय. दोन्ही सुधारतात, भाव कमी करा. एक्स्पोर्ट तुटला तर मात्र उठा.

नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडीवर आजवर किती लिहिलं गेलंय ते बघा. १ टीबीच्या साध्या एसएसडीला साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी असते. पाचशेच्या पुढे गेलेली असेल तर ती ड्राइव्ह फुकटात मिळतेय असं समजा, तिच्यासाठी पैसे मोजू नका. मग शंभर-दीडशे जीबीची फाइल तिच्यावर कॉपी करा. स्वस्त एसएसडी सुरुवातीला धावते आणि मधेच तिचा कॅश (आतली तात्पुरती वेगवान जागा) भरला की गोगलगाय होते. हे फक्त मोठ्या फाइलनंच कळतं. लॅपटॉप असेल तर बॅटरीचे सायकल, बिजागरी आणि प्रत्येक पोर्ट. एकूण एक पोर्ट. मी एकदा थंडरबोल्टचं एक भोक तपासायचं विसरलो आणि मॉनिटर, ड्राइव्ह, डॉक सगळं एकाच उरलेल्या भोकावर टांगून वर्ष काढलं.

ऑफिसातून परत आलेल्या मशीनची एक खास खोड असते, आणि गंमत म्हणजे यातली बरीच मशीन दुसऱ्या कुणाच्या तरी लीजवरूनच परत आलेली असतात. कंपनीनं ती आपल्या नोंदीतून काढलेली नसतील तर ती अजूनही कंपनीचीच आहेत असं मशीनला वाटतं. म्हणून पैसे द्यायच्या आधी, तुमच्यासमोर, मशीनमधला सगळा डेटा पुसून घ्या, इंटरनेटला जोडा आणि पहिल्या सेटअपच्या पडद्यांतून पुढे जा. मॅकवर "रिमोट मॅनेजमेंट" असा पडदा आला किंवा दुसऱ्याचाच ॲपल आयडी मागितला, विंडोजवर एखाद्या कंपनीच्या नावानं लॉगिन मागितलं, तर ते मशीन आहे तसं तुमच्या उपयोगाचं नाही. "नंतर काढून देतो" याला हो म्हणू नका. काढून दिल्यावर या म्हणा. बायोसला (मशीन चालू होताना आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड आहे का तेही तिथेच बघा. मोठ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला साधा सुटा भाग बसेलच असं नाही. ते जुनं घ्यायचं तर तोच पॉवर सप्लाय कुठे मिळतो हे आधी शोधून ठेवावं.

तिसरी वाट तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मला तुमच्यासाठी फार उपयोगाची वाटते: गरजेपुरतं भाड्यानं. वर्षातून एकदा तो मोठा माहितीपट येतो, रंगांचं जड काम असतं, तेव्हा दोन-तीन आठवडे दणकट मशीन भाड्यानं आणा आणि त्याचा खर्च त्या कामाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. क्लायंट कॅमेऱ्याचं भाडं देतो तसं हेही देतो, फक्त मागावं लागतं. मशीन अचानक मेलं तर हीच वाट उपयोगी पडते. त्यासाठी प्रोजेक्ट फाइल आणि मीडिया नेहमी बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा, रिझॉल्व्हचा डेटाबेस रोज कामाच्या शेवटी तिथेच एक्स्पोर्ट करा आणि प्लगइनच्या परवान्यांची यादी एका कागदावर लिहून ठेवा. ही तयारी असली की दुसऱ्या मशीनवर काम सुरू व्हायला अर्धा दिवस लागतो. नसली तर तीन दिवस, आणि तेही डेडलाइनच्या आठवड्यात.

तर तुमच्या जागी मी असं करेन. ४५ चं ते वर्कस्टेशन सोडून देईन. त्याच पैशात किंवा थोडं कमी-जास्त करून इंटेलच्या बाराव्या पिढीचं, "एफ" नसलेलं डेस्कटॉप, किंवा एम१ प्रोच्या पिढीतला ३२ जीबीचा लॅपटॉप शोधेन. त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल. लीजचा हप्ता जो ३.३ जाणार होता त्यातला निम्मा दर भरल्या महिन्यात बाजूला टाकेन. पातळ महिन्यांत काही नाही. वर्षाला आठ महिने धरले तरी तीन वर्षांत चाळीसच्या आसपास जमतात. मधेच काही मोडलं तर त्यातून दुरुस्ती, नाही मोडलं तर पुढच्या मशीनचा मोठा हिस्सा. आणि जी बचत होईल तिच्यातून आधी मॉनिटर आणि साठवणीच्या ड्राइव्ह घेईन, कारण मशीन तीनदा बदलतं तोवर चांगला मॉनिटर एकच राहतो. माझा सध्याचा मॉनिटर चौथ्या मशीनला लावलेला आहे.

एक अपवाद. एखाद्या क्लायंटनं तुम्हाला दोन-तीन वर्षांचं ठरीव काम लेखी दिलं, दर महिन्याला इतके भाग, इतके पैसे, तर माझं मत बदलेल. तिथे उत्पन्न ठरलेलं आहे, हप्ताही ठरलेला आहे, आणि मुदत जुळवून घेता येते. फक्त लीजची मुदत कामाच्या मुदतीपेक्षा एक महिनाही लांब नको.

आणि तो सहा वर्षांचा लॅपटॉप विकू नका. त्याचे फारसे पैसे येणारही नाहीत. नवं मशीन मिळेपर्यंतचा हा महिना त्याच्यावर काढायचा असेल तर रात्री झोपताना फुटेजची प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी नक्कल) बनवायला लावा, १०८० मापाची, प्रोरेझ प्रॉक्सीत. २५ फ्रेम्सला हा प्रकार सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट घेतो, म्हणजे तासाभराच्या फुटेजला १७ जीबी. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, त्यामुळे तुमचा १६ जीबीचा लॅपटॉपही न अडखळता कापाकापी करेल. शेवटी मूळ फुटेज जोडून एक्स्पोर्टला लावायचं आणि जेवायला जायचं. नवं मशीन आल्यावर त्याला हेच रात्रीचं काम कायमचं द्या: कॅमेऱ्याचं कार्ड उतरवणं, प्रॉक्सी, बॅकअप. माझ्याकडे असा एक नऊ वर्षांचा लॅपटॉप आहे. पडद्याला उभी रेघ पडलीय, तीन कळा निघाल्यात, आणि रोज सकाळी कामाला बसतो तेव्हा त्यानं आदल्या दिवशीच्या प्रॉक्सी तयार करून ठेवलेल्या असतात.